सी-२० ची साक्ष

पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिन, म्हणजेच रिसेप्टर, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ते तेथे आहे की नाही हे जाणण्यासाठी संशोधक एका साक्षीदारावर विसंबतात. हा साक्षीदार म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेली अँटीबॉडी. आजच्या थ्रेडमध्ये अशाच एका साक्षीदाराची उलटतपासणी करायची आहे. त्याचे नाव सी-२०.

आधी पार्श्वभूमी. मूत्रपिंडात तयार होणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अस्थिमज्जेतील पेशींना तांबड्या रक्तपेशी घडवण्याचा संदेश देते. हा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहीचे जनुक १९८९ मध्ये हाती आले. त्याच वर्षी अॅमजेन कंपनीच्या कृत्रिम एरिथ्रोपोएटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे केमोथेरपीने रक्तक्षय झालेल्या कर्करुग्णांनाही हे औषध दिले जाऊ लागले.

सी-२० घडवण्याची रीत सोपी होती. ग्राहीच्या शेवटच्या टोकाचा एक छोटा तुकडा सशाला टोचायचा, त्याच्या शरीरात तयार झालेली अँटीबॉडी वेगळी करायची आणि ती ऊतीच्या पातळ कापावर सोडायची. ती जिथे चिकटेल तिथे रंग उमटतो. रंग उमटला, म्हणजे ग्राही आहे. निदान तसे मानले जात असे.

२००१ पासून अनेक शोधनिबंधांत मानवी गाठींमध्ये हा ग्राही आढळल्याचे नोंदवले जाऊ लागले. अशातच २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जर्मनीतील हेंके यांच्या गटाने डोके व मानेच्या कर्करोगाच्या ३५१ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. किरणोपचारासोबत कृत्रिम एरिथ्रोपोएटिन मिळालेल्यांचे हिमोग्लोबिन वाढले होते. रोग मात्र अधिक बळावला होता. मग गाठच हे औषध ‘ऐकते’ की काय? २००६ मध्ये याच गटाने साठवलेल्या ऊती सी-२० ने रंगवल्या. ज्यांच्या गाठीत रंग उमटला, त्यांनाच औषधाचा अपाय झालेला दिसला. पुरावा जणू शिक्कामोर्तब व्हावा इतका चपखल.

पण त्याच वर्षी ‘ब्लड’ या नियतकालिकात एलियट आणि सहकाऱ्यांनी साक्षीदारालाच पिंजऱ्यात उभे केले. त्यांचा प्रश्न वजनाचा होता. ग्राहीचे वजन साधारण ५९ किलोडाल्टन. सी-२० मात्र ३५, ६६ आणि १०० किलोडाल्टनची प्रथिने दाखवत होती. त्यांतले ६६ चे प्रथिन तपासले, तेव्हा ते उष्णता-आघात प्रथिन एचएसपी-७० निघाले. सशाला टोचलेल्या तुकड्याशी त्याचा काही अंश जुळत होता, म्हणून अँटीबॉडी फसली होती. साक्षीदार खोटे बोलत नव्हता. त्याने भलत्याच माणसाला ओळखले होते.

साधनचिकित्सेची सवय असणाऱ्यांना येथे थांबावेसे वाटेल. एलियट अॅमजेनचे, आणि असे औषध अॅमजेनही विकत होती. गाठीवर ग्राही नसणे कंपनीच्या सोयीचे होते. बखरकाराचा धनी कोण, हे आपण विचारतोच; तसे येथेही विचारायला हवे. पण हेतूवर बोट ठेवल्याने ६६ चे ५९ होत नाहीत. इतर प्रयोगशाळांनीही सी-२० च्या भरवशावर शंका घेतली. माझ्या मते हा निष्कर्ष लिहिणाऱ्याच्या नव्हे, तर मोजमापाच्या बळावर उभा राहतो.

तसेच, अँटीबॉडी चुकली म्हणून रुग्णांना झालेला अपाय खोटा ठरत नाही. तो चाचणीत मोजला गेला होता, रंगावर अवलंबून नव्हता. मार्च २००७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधांवर चौकटीतील कडक इशारा छापायला लावला. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका तर निर्विवाद होता. कोलमडले ते ‘का’चे उत्तर.

२०१० मध्ये अॅमजेनच्याच संशोधकांनी ए-८२ नावाची अधिक नेमकी अँटीबॉडी वापरून मानवी कर्कपेशींच्या अनेक वाणांची पुन्हा तपासणी केली. कार्यक्षम ग्राही त्यांना सापडला नाही. वाद तेवढ्याने मिटला नाही. सी-२० वर आधारलेले जुने निबंध मात्र आजही ग्रंथालयांत तसेच आहेत.