उमेदवारी आणि नियोजन : पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील लघुउद्योगांच्या वाढीचा एक विचार

लघुउद्योगांच्या वाढीचा विचार करताना भांडवल, यंत्रसामग्री आणि बाजारपेठ ह्या तीन गोष्टींचा ऊहापोह बहुधा केला जातो. धंदा शिकविणारा आणि धंद्याचा आडाखा बांधावयास लावणारा माणूस हा चौथा घटक होय. परंतु त्याची मोजदाद कोष्टकात करता येत नसल्याने तो इतिहासलेखनात सहसा उपेक्षित राहतो. पालघर तालुका आणि त्यातील बोईसर-तारापूर हा पट्टा ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. परंपरेने चालत आलेली उमेदवारी आणि शासनाने आखलेले नियोजन ही दोन्ही येथे काही कोसांच्या अंतरात शेजारीशेजारी नांदताना दिसतात. ह्या दोहोंची गाठ कोठे पडली व कोठे पडली नाही, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. शब्दांची साक्ष

ह्या विषयाचा प्रारंभ शब्दांपासून करणे सोयीचे ठरेल. ‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘उमेद’ म्हणजे आशा; ती बाळगून असणारा तो उमेदवार. कचेरीत नेमणुकीच्या आशेने बिनपगारी राबणारा तरुण, धंदा शिकण्यासाठी कारागिराच्या हाताखाली राहणारा मुलगा आणि पुढे निवडणुकीस उभा राहणारा इसम, अशा तिन्ही अर्थांनी तो मराठीत रूढ झाला. १९६१ साली केंद्र शासनाने कारखान्यांतील शिकाऊ कामगारांसंबंधी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्रातील शासनव्यवहाराने ‘शिकाऊ उमेदवार’ हीच संज्ञा पत्करली. जुना शब्द नव्या व्यवस्थेस पुरून उरला, असे म्हणावयास हरकत नाही.

उमेदवार ज्याच्या हाताखाली शिके तो ‘वस्ताद’. हा शब्दही फारसी ‘उस्ताद’ ह्यावरून आलेला. तालमीत, फडावर आणि कारागिराच्या पडवीत तो सारख्याच आदराने वापरला जाई. ह्याउलट ‘मार्गदर्शन’ आणि ‘नियोजन’ हे संस्कृत घडणीचे शब्द धंद्याच्या संदर्भात मुख्यतः स्वातंत्र्योत्तर शासनव्यवहारातून दृढ झाले. त्यांच्या आधी व्यापारी ‘बेत’ करीत, ‘आडाखा’ बांधीत आणि रोजकीर्द-खतावणीवरून आपली स्थिती जोखीत. शब्दांच्या ह्या दोन थरांत एक मर्मभेद दडलेला आहे. वस्ताद ही व्यक्ती आहे आणि उमेदवारी हे दोन माणसांमधील नाते आहे; मार्गदर्शन व नियोजन ही कार्ये असून ती करणारा कोण, हे त्या शब्दांवरून कळत नाही.

२. योजनेवाचून वाढलेला धंदा

१८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरच्या काळी पालघरचा प्रदेश माहीम तालुका म्हणून ओळखला जात होता. शेती, मासेमारी, मिठागरे आणि केळवे-माहीमच्या बागायतीतील पानवेली हे ह्या किनाऱ्याचे जुने व्यवसाय. १८६४ साली सुरत-मुंबई लोहमार्ग पुरा झाल्यावर येथील माल मुंबईस जलद पोहोचू लागला. त्याचबरोबर मुंबईची मागणीही खेडोपाडी येऊन पोहोचली.

ह्या मागणीतून वाढलेल्या धंद्यांपैकी सोन्याचांदीच्या दागिन्यांचे साचे घडविण्याचा धंदा विशेष लक्षणीय आहे. चिंचणी, वाणगाव आणि आसपासच्या गावांत तो घरोघर चालत आला असून व्यवहारात त्यास ‘डाय’चे काम असे म्हणतात. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरावयाची, ती घासून नितळ करावयाची, ठोकळ्यास पाणी द्यावयाचे आणि मग त्यात धातूचा पत्रा दाबून दागिन्याचा आकार उठवावयाचा, असे त्याचे सामान्य स्वरूप. कोरणीची खोली केसभर चुकली तरी पत्रा फाटतो अथवा नक्षी बुजते. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. कारागिराशेजारी बसून, प्रथम घासकाम, मग सोपी नक्षी आणि शेवटी स्वतंत्र साचा, अशा पायऱ्यांनीच ते हाती लागते. पुरेसे शिकलेला उमेदवार पुढे आपल्याच घराच्या पडवीत वेगळे काम मांडू शकतो. औद्योगिक वसाहतीच्या आखणीवाचून हा धंदा गावोगाव पसरला तो ह्याच मार्गाने.

तथापि ह्या पद्धतीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. वस्ताद हात शिकवी. हिशेब शिकवीलच असे नाही. ठोकळ्याची किंमत, हत्यारांचा घसारा, स्वतःच्या व घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल आणि उधारीत अडकलेली रक्कम ह्यांची बेरीज करून दर ठरविण्याची सवय कारागिरास क्वचितच असे. घरखर्च आणि धंद्याचा गल्ला एकच राही. परिणामी दर ठरविण्याचे सामर्थ्य बहुधा मुंबईच्या घेणाऱ्याकडे गेले. पुढे संगणकावर नक्षी आखून यंत्राने ती कोरण्याची रीत आली, तेव्हा कौशल्य असूनही नव्या यंत्राचा खर्च किती वर्षांत भरून निघेल हा आडाखा कोणी बांधावा, हा प्रश्न पुढे उभा राहिला. उमेदवारीच्या शिक्षणात त्याचे उत्तर नव्हते.

३. मार्गदर्शनाची शासकीय कल्पना

महाराष्ट्रात धंदेशिक्षण आणि संघटित प्रयत्न ह्यांची सांगड घालण्याचा विचार स्वातंत्र्यपूर्व काळापासून दिसतो. अंताजी दामोदर काळे ह्यांनी चालविलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव येथे काच कारखाना निघाला. परदेशी शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय ह्यांच्या हाताखाली तेथे तयार झालेली माणसे पुढे देशातील इतर काच कारखान्यांत गेली. कारखाना हीच शाळा, असा तो प्रयोग होता. १९३४ साली पुण्यात आ. रा. भट ह्यांनी मराठा चेंबर ऑफ कॉमर्सच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि लहान कारखानदारास माहिती, सल्ला व प्रतिनिधित्व मिळवून देण्याच्या कामास संस्थेचे रूप आले.

स्वातंत्र्यानंतर ह्या विचारास राष्ट्रीय धोरणाचे स्वरूप प्राप्त झाले. फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने आलेल्या तज्ज्ञमंडळाच्या १९५४ सालच्या अहवालानंतर लघुउद्योग मंडळ आणि लघुउद्योग सेवा संस्था उभ्या राहिल्या. फेब्रुवारी १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग निगम स्थापन होऊन यंत्रे हप्त्याने देण्याची सोय झाली. त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योग व लघुउद्योग ह्यांविषयी आपला अहवाल सादर केला. विकेंद्रित उत्पादन टिकावयाचे असेल तर त्याच्या तंत्रात क्रमाक्रमाने सुधारणा झाली पाहिजे आणि लहान उत्पादकांनी सहकाराने एकत्र आले पाहिजे, हे त्या अहवालाचे सूत्र होते. सेवा संस्थेतील अधिकाऱ्याने लहान कारखान्यात जाऊन यंत्रांची मांडणी, कच्च्या मालाचा वापर, उत्पादनखर्च आणि विक्री ह्यांविषयी सल्ला द्यावा, अशी योजना होती. वस्तादाचे काम शासनाच्या नोकराकडे सोपविण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल.

ह्या प्रयत्नाचे मोल दाखविणारा एक प्रयोग १९६४ साली आंध्र प्रदेशात झाला. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड ह्यांनी हैदराबाद येथील लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने काकिनाडा शहरातील सुमारे पन्नास लहान व्यावसायिकांना दहा-दहा दिवसांचे शिक्षण दिले. साध्य होण्याजोगे पण कष्ट घ्यावयास लावणारे उद्दिष्ट ठरविणे, आपल्या धंद्याची योजना स्वतः मांडणे आणि सहाध्यायांनी एकमेकांच्या प्रगतीची विचारपूस करणे, ह्यांवर त्यात भर होता. पुढील दोन वर्षांत शिकलेल्या मंडळींनी न शिकलेल्यांच्या मानाने नवे उद्योग व नवी गुंतवणूक अधिक केल्याचे आढळून आले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासातील एक निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे : ज्यांच्या हाती धंद्याचे निर्णय होते, त्यांच्याच बाबतीत शिक्षणाचा परिणाम ठळकपणे दिसला. स्वतःच्या दुकानाची सूत्रे ज्याच्याकडे नाहीत त्याला योजना शिकवून फारसे साधत नाही.

४. तारापूर : भूखंडांचे नियोजन

मुंबईतील उद्योगांची दाटी कमी करून ते बाहेर न्यावेत, हा विचार राज्यस्थापनेच्या सुमारास बळावला. बोरकर समितीच्या शिफारशींनुसार १ ऑक्टोबर १९६० रोजी औद्योगिक विकास मंडळ नेमले गेले आणि त्याने तयार केलेल्या कायद्यान्वये १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्याच वर्षी महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळही स्थापन झाले. १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली आणि पुढील दशकात बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस औद्योगिक वसाहत वाढू लागली. रसायने, रंगद्रव्ये, औषधे, कापड आणि पोलाद ह्यांचे लहानमोठे कारखाने तेथे आले व त्यांची संख्या कालांतराने हजाराच्या वर गेली.

महामंडळाचे काम जमीन, रस्ते आणि पाणी पुरविण्याचे होते व ते त्याने केले. वसाहतीची योजना आणि त्या वसाहतीतील एखाद्या कारखान्याची योजना ह्या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. भूखंड मिळालेल्या नवउद्योजकापुढील प्रश्न निराळेच असतात. एकाच मोठ्या गिऱ्हाइकासाठी मजुरीवर माल करून द्यावा की स्वतःचा माल विकावा? तीन महिन्यांनी पैसे मिळणार असतील तर मधल्या काळात वेतन, वीज व कच्चा माल ह्यांची तजवीज कशी करावी? मागणी वाढली म्हणून दुसरे यंत्र घ्यावे की आहे तेच दोन पाळ्यांत चालवावे? अशा प्रश्नांची चुकीची उत्तरे मालकास भूखंड विकावयास लावू शकतात. देणी पंचेचाळीस दिवसांच्या आत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले. पण मोठे गिऱ्हाईक दुखावून त्या कायद्याचा आधार घ्यावा की नाही, हेही शेवटी सल्ल्याचेच काम आहे.

हा सल्ला मिळण्याची ठिकाणे दूर होती. लघुउद्योग सेवा संस्था मुंबईत साकीनाक्यास. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रांची योजना अमलात आली, परंतु पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात असल्याने जिल्ह्याचे ठिकाण ठाणे. बोईसरहून ठाण्यास जावयाचे तर दादरला गाडी बदलावी लागे किंवा वसई-दिवा मार्गाचा आधार घ्यावा लागे. एका कागदासाठी दिवस खर्ची पडणे आणि त्या दिवशी कारखान्यावर कोणी नसणे, हा लहान मालकाच्या दृष्टीने खराखुरा खर्च होता. उपनगरी गाडी डहाणूपर्यंत २०१३ साली गेली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे वसाहत उभी राहिल्यानंतर सुमारे चार दशकांनी जिल्ह्याची कचेरी उद्योजकाजवळ आली. दरम्यान ही उणीव कारखानदारांनी आपल्या संघटनेच्या द्वारे आणि परस्परांच्या अनुभवाच्या आधारे काही अंशी भरून काढली. १९८८ साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र निघाले, तर २००० साली माधवराव भिडे ह्यांनी स्थापिलेल्या सॅटर्डे क्लबने मराठी व्यावसायिकांच्या नियमित भेटी घडवून आणल्या. वस्ताद एक नसून अनेक असावेत व ते समव्यवसायी असावेत, ही त्यामागील दृष्टी होती.

५. सांडपाण्याचा धडा

वैयक्तिक योजनेचा अभाव सामाजिक हानीस कसा कारण होतो, हे तारापूरच्या सांडपाण्याच्या प्रश्नावरून दिसून येते. लहान कारखान्यास स्वतःची संपूर्ण शुद्धीकरण यंत्रणा परवडत नाही. म्हणून सामुदायिक केंद्र उभारले जाते. त्याचे यश प्रत्येक सभासदाने ठरल्या प्रमाणात व ठरल्या प्रतीचेच सांडपाणी सोडण्यावर अवलंबून असते. उत्पादन वाढविताना किती पाणी लागेल ह्याचा आडाखा मालक बांधतो, पण किती घाण पाणी निघेल व त्याच्या शुद्धीस किती खर्च येईल हे खर्चाच्या कागदावर मांडत नाही. आणि तसे शेकडोंनी केले की सामुदायिक केंद्र अपुरे पडते. तारापूरच्या पहिल्या केंद्राची क्षमता दररोज अडीच कोटी लिटरची होती. पुढे पाच कोटी लिटरचे नवे केंद्र उभारावे लागले.

ह्या चुकीची किंमत किनाऱ्यावरील मच्छीमारांनी मोजली. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनिशी देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत प्रदूषित ठरले. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने पर्यावरणीय भरपाई बसविणारा निर्णय दिला. सुरुवातीच्या काळातच जवळ बसून खर्चाचा पुरा हिशेब मांडावयास लावणारा जाणता माणूस प्रत्येक लहान मालकास लाभला असता, तर सगळे अनर्थ टळले असते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण जाणूनबुजून केलेल्या नियमभंगास सल्ला हा उपाय नव्हे. परंतु अज्ञानाने व अदूरदृष्टीने घडलेला भाग त्यामुळे निश्चित कमी झाला असता.

६. उपसंहार

उपर्युक्त विवेचनावरून निघणारे तात्पर्य थोडक्यात असे. चिंचणीच्या पडवीत वस्ताद होता, पण आडाखा नव्हता. तारापूरच्या वसाहतीत आराखडा होता, पण वस्ताद हाकेच्या अंतरावर नव्हता. पहिल्या ठिकाणी कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या टिकले, तरी धंदा घराच्या उंबऱ्याबाहेर फारसा मोठा झाला नाही. दुसऱ्या ठिकाणी धंदे झपाट्याने वाढले, तरी त्या वाढीचा भार शेजाऱ्यांवर पडला. लहान उद्योजकाची सुदृढ वाढ व्हावयाची असेल तर त्याच्या खतावणीवर नजर टाकणारा अनुभवी माणूस आणि त्याच्या स्वतःच्या हाताने लिहिलेली योजना ही दोन्ही एकाच मेजावर आली पाहिजेत. पालघर जिल्ह्याचे प्रशासन आता पालघरातच आहे, शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे आणि समव्यवसायींच्या संघटनाही आहेत. ‘उमेदवार’ ह्या शब्दातील आशा सार्थ करण्याची साधने अशा रीतीने प्रथमच एका तालुक्याच्या परिघात एकत्र आली आहेत. त्यांचा मेळ घालणे हे ह्यापुढील कार्य होय.