वैद्यकीय खर्च आणि दारिद्र्य

वैद्यकीय खर्च आणि दारिद्र्य : उपचारांचा खर्च उत्पन्नाच्या व बचतीच्या आवाक्याबाहेर गेल्यामुळे कुटुंबाची होणारी आर्थिक घसरण. विकसनशील देशांत रुग्णसेवेचा मोठा भार रोगी व त्याचे नातेवाईक स्वतःच वाहत असल्याने ही समस्या तेथे विशेष तीव्र आहे. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात तिचे स्वरूप ठळकपणे दिसते.

पंधराव्या शतकात मंगळवेढ्याचे अधिकारी दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी धान्यकोठारे रयतेला खुली केली, अशी परंपरा आहे. दुष्काळ साऱ्या मुलखावर एकदम येतो. त्यामुळे तो राज्यकर्त्यांना दिसतो आणि लोकांच्या स्मरणातही राहतो. आजारपण एका वेळी एकाच घरावर येते. शेजारच्या घराचे पीक उभे असते, बाजार भरलेला असतो आणि एक कुटुंब मात्र निमूटपणे खालावत जाते. दुष्काळनिवारणाची शासकीय यंत्रणा ब्रिटिश काळातच उभी राहिली व महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. आजारपणासाठी तशी व्यवस्था होण्यास फार विलंब लागला, त्याचे एक कारण हेच असावे.

कर्जबाजारीपणाच्या जुन्या चौकशांतही आजारपण बाजूलाच राहिले. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाने शेतसारा, सावकारी व्याज व न्यायालयीन व्यवहार यांची तपशीलवार चर्चा केली. लग्नखर्चाला अवास्तव महत्त्व दिले जाते, असेही नमूद केले. त्यानंतरचा १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, अहमदनगर, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांना लागू झाला. मंगळवेढा त्या वेळी सांगली संस्थानात होते. त्या काळी उपचारांवर रोख खर्च बेताचाच होई. खरी हानी बुडालेल्या श्रमाची असे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेस १८९४ मध्ये काढलेल्या मिशन रुग्णालयासारख्या संस्थांमुळे शस्त्रक्रिया या भागाच्या आवाक्यात आली. उपचार गुणकारी होत गेले, तसे ते विकतही घ्यावे लागू लागले.

पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांस मुकू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्ये मांडले होते. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. तथापि त्यांचे जाळे विरळ व साधने अपुरी राहिली. उरलेली जागा खाजगी व्यवसायाने भरून काढली. १९७९ च्या आदेशानुसार किंमत-नियंत्रणाखाली असलेल्या ३४७ औषधांची संख्या १९९५ मध्ये सु. ७५ वर आली.

मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतील प्रसिद्ध ज्वारी रब्बीची असते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो पीक निघाल्यावर; आजाराला मात्र हंगाम नसतो. पावसाळ्यात कोणी अंथरूण धरले, तर आधी शेळ्या, मग दागिने, मग बैल विकला जातो आणि शेवटी जमीन गहाण पडते. बैल गेल्यावर पुढील पेरणी भाड्याच्या औतावर करावी लागते. भूमिहीनाजवळ विकण्यासारखे काहीच नसल्याने तो मुकादमाकडून उचल घेतो व तिच्या फेडीसाठी ऊसतोडीला जातो. पंढरपूर, सोलापूर वा मिरज येथे रुग्ण न्यावयाचा, तर प्रवास, सोबत्याचा मुक्काम आणि दोघांची बुडणारी मजुरी यांची भर पडते. हा खर्च कोणत्याही बिलात येत नाही.

या समस्येचे व्यवस्थित मापन अलीकडचे आहे. ११ आशियाई देशांच्या २००६ मधील एका अभ्यासात, उपचारखर्च वजा केल्यास सु. ७.८ कोटी, म्हणजे त्यांच्या लोकसंख्येपैकी २.७ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली जातात, असे आढळले. श्रीलंका, मलेशिया व थायलंड येथे हे प्रमाण अल्प होते. मात्र या मोजमापात एक उणीव आहे. पैशाअभावी जो उपचारच घेत नाही, त्याचा खर्च शून्य धरला जातो व तो या संख्येत येत नाही. अत्यंत गरिबांचे दुःख त्यामुळे आकड्यांत कमी दिसते.

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत सोलापूर होते. प्रतिवर्षी कुटुंबास दीड लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार तिच्यात मोफत मिळत. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले व पुढे मर्यादा पाच लाखांवर नेण्यात आली. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील शुल्क १५ ऑगस्ट २०२३ पासून बंद झाले. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३–१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१–२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. तथापि योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या दीर्घकालीन विकारांत महिन्यामागून महिने औषधे घ्यावी लागतात आणि ती बहुधा दुकानातूनच विकत आणली जातात.