चक्रीवादळाची ‘कॅटेगरी’: ॲपवरचा आकडा नेमकं काय सांगतो?

वेदर ॲपवर ‘कॅटेगरी ४ हरिकेन’ दिसलं की आपण घाबरतो आणि ‘कॅटेगरी १’ दिसलं की निर्धास्त होतो. मीही आधी तेच करायचो. पण हा आकडा फक्त वाऱ्याचा वेग सांगतो. पाऊस आणि पूर त्यात धरलेलेच नसतात.

कॅटेगरी कशी ठरते?
अमेरिकेत सॅफिर-सिम्पसन स्केल वापरतात. वारा ताशी ११९ किमी झाला की कॅटेगरी १, आणि २५२ किमी झाला की कॅटेगरी ५.

हार्वेचं उदाहरण
२५ ऑगस्ट २०१७ ला हार्वे टेक्सासमध्ये रॉकपोर्टजवळ धडकलं. वारा ताशी २१५ किमी, म्हणजे कॅटेगरी ४. घरांची छपरं उडाली. दुसऱ्याच दिवशी वारा मंदावला आणि ते हरिकेनही राहिलं नाही. पण वादळाला पुढे ढकलणारे वरचे वारे कमजोर होते. त्यामुळे ते तिथेच रेंगाळलं आणि मेक्सिकोच्या आखातातली वाफ ओढून बरसत राहिलं. नेदरलँड नावाच्या गावाजवळ १,५३९ मिमी पावसाची नोंद झाली. ह्यूस्टनचे कितीतरी भाग पाण्याखाली गेले. वादळाने थेट घेतलेल्या ६८ बळींपैकी ६५ पुराचे होते.

मग काय बघायचं?
- पावसाचा अंदाज
- वादळ पुढे सरकण्याचा वेग
- किनाऱ्यावर समुद्राचं पाणी किती चढणार

आपल्याकडची ‘तीव्र चक्रीवादळ’सारखी नावंही वाऱ्यावरूनच ठरतात. म्हणून कोकणात गावी असाल, तर नुसतं नाव वाचून थांबू नका. पावसाचा इशाराही वाचा.