यंत्रमानव आणि वेठीची आठवण

जपानमधील क्योतो नगरीत कोदाइजी हे झेन विहार आहे. तेथे २०१९ साली अवलोकितेश्वराच्या रूपातील एक यंत्रमानव प्रज्ञापारमिताहृदयसूत्रावर प्रवचन देऊ लागला. यंत्रशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी तर १९७४ सालीच यंत्रमानवातही बुद्धत्व मानणारा ग्रंथ लिहिला होता. यावरून बौद्ध संस्कृतीला यंत्रमानवाचे भय नाही, ते पाश्चात्त्यांनाच आहे, असे अनेक जण म्हणतात. आम्हांस हे पुरते पटत नाही.

'लोकपञ्ञत्ति' या मध्ययुगीन पाली ग्रंथात एक कथा आहे. यंत्रविद्येचे रहस्य रोम देशातून पळवून आणणाऱ्या पाटलिपुत्राच्या तरुणाला त्याच्या पाठलागावर सोडलेले यंत्रच ठार करते. पुढे अशीच यंत्रे तथागतांच्या धातूंवर पहारा करतात आणि ती निष्प्रभ झाल्यावरच सम्राट अशोकाला धातू लाभतात. म्हणजे भय बौद्ध वाङ्मयातही आहेच.

मग भेद कशाचा? 'रोबो' हा शब्दच पाहावा. कारेल चापेक यांच्या १९२१ साली प्राग येथे रंगभूमीवर आलेल्या नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने करावयाची सक्तीची मेहनत, मराठीत वेठ. ती तेथे १८४८ साली संपली. नाटकातील राबणारे रोबो अखेर मालकांवर उठतात. त्या भयामागे वेठीची आठवण आहे, असे आम्ही समजतो.

वेठ हा शब्द आपल्या समाजाला कोशातून शिकावा लागला नाही. रात्री-अपरात्री निरोप्या म्हणून धावणे, मेलेली गुरे ओढणे हे सारे महार वतनाच्या नावाखाली चाले. त्याविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडणाऱ्या बाबासाहेबांनीच १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली. दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, यंत्रामुळे माणसाला फुरसत व संस्कृती लाभते, असे त्यांचे प्रतिपादन होते. चरख्याचे गोडवे गाणाऱ्यांना हे रुचणे कठीणच होते.

संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. तरीही त्यानंतर गुदमरून माणसे मेलीच. २०१८ साली तिरुवनंतपुरम येथे गटार साफ करणारे यंत्र प्रथम आले. ते चालविण्याचे शिक्षण सफाई कामगारांनाच देण्यात आले. त्या यंत्राला पाहून त्यांना काय वाटले असेल, हे आपल्या वस्त्यांत कोणाला विचारावे लागणार नाही.