लस आणि उष्णता : मुंबई ते बंगळूर

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण. लसद्रव्य व्हिएन्नाहून बगदाद-बसरामार्गे मुंबईस आले होते. गाईंना होणाऱ्या देवीसदृश रोगाचा हा जिवंत विषाणू. तो माणसाला क्वचितच गंभीर आजारी पाडतो. पण देवीच्या विषाणूशी त्याचे साम्य इतके असते, की एकाची ओळख पटलेले शरीर दुसऱ्यालाही ओळखते. ही ओळख स्मृतिपेशींमध्ये वर्षानुवर्षे जपली जाते. लसीचे कार्य मुळात एवढेच.

अडचण उष्णतेची होती. उन्हाळ्यात हे द्रव्य थोड्याच दिवसांत निकामी होई. त्यावरचा उपाय म्हणजे मूल. एका मुलाच्या दंडावर फोड आला, की आठवड्याभराने त्यातील द्रव दुसऱ्याच्या दंडात टोचायचा, मग तिसऱ्याच्या. ॲनाच्या दंडापासून सुरू झालेली ही साखळी हैदराबाद, मद्रास, म्हैसूरपर्यंत पोचली. पुढे १८०५ मध्ये थॉमस हिकी याने म्हैसूरच्या राजस्त्रियांचे चित्र रंगवले. इतिहासकार नायजेल चॅन्सेलर यांच्या मते त्यातील एक तरुण राणी पदर सारून दंडावरची लस टोचल्याची जागा दाखवते आहे. लसीच्या प्रचाराला राणीचा दंड उपयोगी पडला; लस वाहून आणणाऱ्या बहुतेक मुलांची नावे मात्र इतिहासाला ठाऊक नाहीत. त्यांची संमती विचारण्याचा प्रश्न कोणाला पडला असेल, असे मला वाटत नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वाल्देमार हाफकिन यांनी याच उष्णतेला कामाला लावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी तूप तरंगणाऱ्या मांसरसात प्लेगचे जिवाणू वाढवले आणि सुमारे ७० अंश सेल्सिअसला तापवून मारले. मेलेला जिवाणू रोग देऊ शकत नाही, पण त्याच्या पृष्ठभागाचे रेणू ओळख पटवण्याइतके शाबूत राहतात. तापमान कमी पडले तर जिवाणू वाचतो, फार वाढले तर ओळखच पुसली जाते. या दोहोंमधल्या अरुंद पट्ट्यात ही मृत लस बसते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतरची चाचणी भायखळ्याच्या तुरुंगात झाली. कैदी स्वेच्छेने पुढे आले अशी नोंद आहे. तुरुंगातल्या स्वेच्छेला किती अर्थ द्यायचा, हे वाचकांनी ठरवावे.

ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेग बंगळूरला पोचला. दाट वस्तीच्या पेठांतून लोकांना बाहेर काढण्यासाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही उपनगरे वसली. लसीवरचा विश्वास मात्र नाजूक होता. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका हाफकिन यांच्यावर आला. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा नसून बाटली गावात उघडताना झालेल्या संसर्गाचा असावा, हे मान्य होऊन ते दोषमुक्त व्हायला १९०७ उजाडले.

जिवंत लसीचा जुना प्रश्न सुटला तो १९५० च्या दशकात, लंडनमधील लेस्ली कॉलियर यांच्या हातून. विषाणू गोठवून, निर्वातात पाणी उडवून वाळवला, तर त्याची भुकटी ३७ अंशांतही कित्येक आठवडे टिकते. पाणीच नसल्याने प्रथिनांच्या घड्या सहजासहजी उलगडत नाहीत. देवीनिर्मूलनात खेड्यापाड्यांत गेली ती ही भुकटी. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळलेला नाही.

कोविडकाळी तोच प्रश्न नव्या वेशात आला. आरएनए लसीत विषाणू नसतोच; त्याच्या एका प्रथिनाची कृती पेशीला दिली जाते. आरएनए रेणू अत्यंत तकलादू, म्हणून फायझरच्या लसीला सुरुवातीस उणे ७० अंशांच्या आसपासची थंडी लागत होती. पुण्याच्या जिनोव्हाने आपली आरएनए लस वाळवून भुकटीच्या रूपात आणली. जून २०२२ मध्ये आणीबाणीतील वापराची परवानगी मिळालेली ही लस २ ते ८ अंशांत, म्हणजे साध्या फ्रिजमध्ये राहते.

इथे बंगळुरात, मल्लेश्वरमपासून जवळच असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवन वरदराजन यांच्या गटाने तिसरा मार्ग धरला. विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनाचा, पेशीला चिकटणारा तेवढाच तुकडा घ्यायचा आणि त्याची घडी पक्की बसेल असे बदल त्यात करायचे. वाळवलेला हा तुकडा ३७ अंशांत महिनाभर आणि १०० अंशांत ९० मिनिटांपर्यंत टिकला. उंदीर आणि हॅमस्टर यांच्यात त्याने प्रतिपिंडे निर्माण केली.