फाळ कुणाचा चांगला? सातारा-सांगलीतल्या लोखंडी नांगराची पारख



उसाच्या फडात तोडणीचं यंत्र उतरलं की बांधावर दहा माणसं जमतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्यातली दोन-चार मोबाईलवर चित्रीकरण करतात आणि उरलेली वाद घालतात. शक्तिमान बरं की न्यू हॉलंड? बुडखा जमिनीलगत कोण तोडतं, पाला कोण जास्त उडवतं, मध्येच बंद पडलं तर माणूस किती वेळात येतो? सोयाबीन-गव्हाच्या मळणीला पंजाबातून हार्वेस्टर येतात, तेव्हाही हीच चर्चा. आम्हाला कुणी विचारलं की ही यंत्रं पारखायची सवय आपल्या भागात कधी लागली, तर आम्ही 100-120 वर्षं मागं जातो. कारण ही सवय पहिल्यांदा ठळक दिसते ती लोखंडी नांगराच्या बाबतीत, आणि त्या नांगराची गोष्ट आपण जरा चुकीची सांगत आलोय असं आमचं मत आहे.

सांगितली जाते ती गोष्ट अशी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीला विष चढतं. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळरान आणि वर कर्ज दिलं, 1910 मध्ये निवडुंग तोडून कारखाना उभा राहिला आणि कुंडल रोडची किर्लोस्करवाडी झाली. यातला कारखान्याचा भाग खरा आहे, आणि थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या गोष्टीत शेतकऱ्याच्या वाट्याला एकच वाक्य आलं आहे, ते म्हणजे विषाचं. पुढे तो एकदम गिऱ्हाईक होऊन रांगेतच उभा दिसतो. मधल्या काळात त्याने काय पाहिलं, कशाची कशाशी तुलना केली, याचा पत्ता नाही.

आता त्या विषाकडे जरा नीट बघू. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड यांनी 1797 मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं. तिथल्या शेतकऱ्यांबद्दलही हेच सांगतात, की लोखंडानं माती विषारी होते म्हणून त्यांनी नांगर नाकारला. दोन खंडांत, शंभर वर्षांच्या अंतराने, अगदी तेच वाक्य! इतिहास वाचणाऱ्याला इथे शंका यायला हवी. दुसरं म्हणजे आपला जुना नांगर लाकडी खरा, पण त्याचा फाळ लोखंडीच होता की हो. पिढ्यान् पिढ्या लोखंड मातीत घालणारा माणूस लोखंडाला का भ्यावा?

मग ‘जमीन नासते’ या म्हणण्यात काहीच नव्हतं का? तर होतं. लाकडी नांगर माती फोडतो, उलथत नाही. लोखंडी नांगर खालची माती वर आणतो. कृष्णाकाठच्या खोल काळ्या रानात, वाळवा-कऱ्हाड-पलूसकडे, हे वरदानच. हराळी आणि कुंदा यांची मुळं एवढी खोल जातात की ती वर उलथून उन्हात वाळवल्याशिवाय रान सुटत नाही. पण खटाव, माण, आटपाडी, जत या बाजूला चला. वीतभर माती, खाली मुरूम. तिथे खोल नांगरलं तर कसाची माती खाली आणि मुरूम वर, शिवाय उरलीसुरली ओलही उडून जाते. म्हणजे एकच नांगर एका तालुक्यात उत्तम आणि चाळीस मैलांवर नुकसानीचा. माणदेशातल्या कुणी ‘नको तो नांगर, जमीन बिघडते’ म्हटलं असेल तर तो आपल्या रानापुरतं बरोबरच बोलत होता. ऐकणाऱ्यानं त्याचं विष केलं, असा आमचा तर्क आहे. तर्कच आहे, पुरावा म्हणून आम्ही तो मांडत नाही.

खरी तुलना मात्र पैशाची होती, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. लाकडी नांगर विकत मिळत नसे. बांधावरच्या बाभळीचं लाकूड शेतकऱ्याचं, घडवणारा गावचा सुतार. रुमणं मोडलं, हळस तडकली, की सुताराच्या दारात. फाळ बोथट झाला की लोहाराच्या भट्टीत. तो तापवून ठोकून, पाणी देऊन परत करायचा. याचे पैसे? त्या दिवशी काही नाही. सुगीला खळ्यावर बलुतं जायचं. वर्षभराची दुरुस्ती त्यात आली. आजच्या भाषेत सांगायचं तर वार्षिक देखभाल करार, पण धान्यात.

लोखंडी नांगरानं हा हिशोब मोडला. नांगर रोखीनं घ्यायचा. आणि फाळ बिडाचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते लोहाराच्या ऐरणीवर चालत नाही, घण बसला की तुकडे. त्यामुळे फाळ झिजला की नवाच आणायचा, तोही रोखीनं, तालुक्याच्या दुकानातून. ऐन उन्हाळ्यात, नांगरटीच्या दिवसांत, हातात पैसा नसताना. आता सांगा, दोन वर्षं थांबलेला शेतकरी अडाणी होता की हिशोबी?

यात सुतार-लोहारांचं काय झालं हा एक वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. बलुतं एका दिवसात बंद झालं नाही, पण जे काम त्यांच्या दारातून गेलं ते परत आलं नाही.

बरं, लोखंडीच घ्यायचा ठरवला तर कुणाचा? आधी बाजारात होता विलायती. इंग्लंडात इप्सविच गावच्या रॅन्सम्स कंपनीचा. तिचे संस्थापक रॉबर्ट रॅन्सम यांनी 1803 मध्ये एक फार चतुर गोष्ट साधली होती. फाळ ओतताना साच्याची खालची बाजू थंड लोखंडाची ठेवायची. रस त्या बाजूला झटकन थिजतो आणि काचेसारखा कडक होतो, वरची बाजू सावकाश निवते आणि मऊ राहते. मग जमिनीत चालताना वरची बाजू आधी झिजते, खालची कड पुढे राहते, आणि फाळाला आपोआप धार राहते. देशी कारखानदाराची कसोटी इथे होती. नांगराचा सांगाडा कुणीही बनवील, पण तसा फाळ ओतणं हे खरं काम. भट्टीचा कोळसा, कच्चं लोखंड, साच्याची रेती, सगळं जमून यावं लागतं. फाळ जास्त कडक झाला तर दगडाला लागून तुटतो, मऊ राहिला तर चार दिवसांत बोथट होतो.

हे शेतकऱ्याला कोण समजावून सांगणार होतं? कुणी नाही, आणि गरजही नव्हती. त्याच्याकडे दुसरी मापं होती. सकाळी औत जुंपलं की किती तासं झाल्यावर बैल मान टाकतो. दिवसात किती रान होतं. एका फाळात किती एकर निघतात. तासाच्या टोकाला नांगर वळवायला किती वेळ जातो. ज्या नांगराचा फाळ टोकाला फिरवून त्याच तासाला लागून परत येता येतं, तो इथे पसंत पडला. मजबूत खिलार बैलांच्या चार जोड्या जुंपून चालणारा जुना लाकडी नांगर ज्यांनी पाहिला होता, ते नव्या नांगराची ओढ लगेच ओळखत.

आणि एक माप होतं ते कारखान्याच्या अंतराचं. फाळ मिळणार कुठे? विलायती फाळ इप्सविचहून मुंबई, मुंबईहून पुणे. पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा परदेशी माल येणं अवघड झालं. कुंडल रोडचा फाळ त्या मानानं घरचा. देशी नांगर विलायतीच्या तोडीचा झाला म्हणून खपला, हे खरंच. पण त्याचा सुटा भाग रेल्वेच्या पुढच्या स्टेशनवर मिळत होता म्हणून तो टिकला, हेही तेवढंच खरं. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, ज्याचं पुढे नामांकित मासिक झालं, त्याचा आरंभ कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत नेण्यातूनच झाला. म्हणजे मराठी मासिकांच्या एका मोठ्या परंपरेचं मूळ नांगर विकण्यात आहे, हे साहित्याच्या इतिहासवाल्यांनी जरा लक्षात ठेवायला हरकत नाही.

पुढे घरातच स्पर्धा आली. साताऱ्याला धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला. हे तेच कूपर, जे 1937 मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. त्यांच्याकडे शेतीची अवजारं झाली, 1930 च्या दशकात डिझेल इंजिनं झाली. मोटेच्या जागी इंजिन-पंप आला तेव्हा नदीकाठच्या गावांत कूपर की किर्लोस्कर हा वाद रंगायचा. आमच्या लहानपणी थोरली माणसं इंजिनाच्या आवाजावरून, बांधापलीकडून, कुणाचं आहे ते सांगत. तेव्हाही पहिला प्रश्न तोच, याचे पार्ट कुठे मिळतात आणि मिस्त्री कोणत्या गावात आहे?

पण एक गोष्ट आम्हाला टोचते, आणि ती बोलल्याशिवाय हा विषय संपवता येत नाही. ही तुलना कोण करत होतं? ज्याच्या दावणीला चार-सहा बैल होते तो. ज्याच्याकडे एकच जोडी, तो पैऱ्यानं दुसऱ्याची जोडी घ्यायचा, आणि नांगर ज्याचा असेल तो चालवायचा. त्याला कुणी विचारत नव्हतं की फाळ कुणाचा हवा. कुळाला तर नाहीच. 1920 च्या दशकात इलाख्यात तालुका विकास संघ निघाले, ते लोखंडी नांगर भाड्यानं देत. लहान शेतकऱ्याच्या रानात लोखंडी नांगर पहिल्यांदा आला तो बहुधा असा, भाड्याचा किंवा मागून आणलेला. पसंतीचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. आजचं तोडणी यंत्र बघा. त्याला सरीतलं अंतर चार-साडेचार फूट लागतं, वळायला जागा लागते. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते शिरत नाही, आणि शिरलं तर पाल्यापोटी वजनात घट धरतात, त्यावरून भांडणं होतात ती वेगळीच. वीस गुंठेवाला बांधावर उभा राहून कोणतं यंत्र चांगलं ते अचूक सांगेल, पण बोलवणारा तो नाही.

या सगळ्याचा लेखी पुरावा आमच्याकडे एका बाजूचाच आहे. कारखान्यांच्या आठवणी आहेत, सरकारी शेतकी खात्याचे अहवाल आहेत. शेतकऱ्यानं फाळ बदलला तेव्हा तो काय म्हणाला, हे कुणी लिहून ठेवलं नाही. पण तासगाव, विटा, कऱ्हाड, वाई इथल्या जुन्या लोखंड-दुकानदारांच्या घरी उधारीच्या वह्या असतील. कुणी कोणत्या साली किती फाळ नेले, कोणत्या गावाला, उधार की रोख, परत कोणते आणले, हे त्यांत सापडेल. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर अशी वही असेल तर रद्दीत घालू नका. व्याख्यानानंतर आम्ही इथेच थांबणार आहोत.