बार्शीची नोंदणी आणि ऊसतोडीच्या कोप्या

लोणार तालुक्यातील बीबीच्या दक्षिणेस जालना आणि त्यापलीकडे बीड असा जो कोरडवाहू पट्टा पसरला आहे, त्यातून दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात आणि पुढील पाच-सहा महिने कारखान्याच्या आसपास पाचटाच्या कोप्यांत राहतात. गावी घर असूनही वर्षाचा निम्मा काळ बेघरपणात काढणाऱ्या या स्त्रियांचा प्रश्न गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्रतिबंधाच्या इतिहासात आजवर कडेलाच राहिला आहे.

हा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो. तो संबंध दाखवून देणारे हाराल्ड त्सुर हाउसेन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूची लागण आणि कर्करोग यांत बहुधा अनेक वर्षे जात असल्याने तेवढ्या अवधीत बिघडलेल्या पेशी शोधून काढून टाकता येतात, आणि म्हणूनच तपासणीला एवढे मोल आहे.

महाराष्ट्राने या ज्ञानात मोठी भर घातली. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावांसाठी 1987 साली बार्शीत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे 1999 पासून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयोगटातील सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत त्याच सुमारास प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला लावून पांढरा पडणारा भाग डोळ्यांनी पाहण्याची पद्धत वापरली आणि मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तथापि तुलनेसाठीच्या गटातील स्त्रियांना ती तपासणी मिळाली नाही, हा आक्षेप गंभीर होता आणि आजही आहे.

दोन्ही अभ्यास मात्र घरोघर झालेल्या नोंदींवर उभे होते. चाचणीत दोष आढळलेल्या स्त्रीला पुन्हा गाठायचे, तर ती पत्त्यावर सापडावी लागते. कोपीतल्या स्त्रीला दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतून वळता होतो. तपासणीची जागा अशा वेळी भीतीने घेतली. बीड जिल्ह्यात 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढल्याचे आले, आणि पुढे कॅन्सर होईल असे सांगून शस्त्रक्रियेस राजी केल्याच्या तक्रारी अनेकींनी केल्या.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली मान्य केलेल्या पद्धतीत स्त्रीला एचपीव्ही चाचणीचा नमुना स्वतःच घेता येतो, तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या एचपीव्हीविरोधी लशीला 2022 साली परवानगी मिळाली. टोळ्या भरण्याआधी, दसऱ्याच्या आसपास, गावातच नमुने घेऊन त्यांचे निकाल व उपचार निघण्यापूर्वी पूर्ण करणे स्वतः नमुना घेण्याच्या पद्धतीमुळे शक्य कोटीत आले आहे, मात्र त्यासाठी आरोग्यखात्याला आपले वेळापत्रक ऊसतोडीच्या हंगामावर बेतावे लागेल.